चार दिवस चाललेल्या सिनेमातला शॉट

पत्र वकीलसाहेबांनी दोनदा वाचलं. एकदा भराभर, आणि एकदा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बघत. दोघं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. सिनेमा त्याचा, संकलन माझं. अंतराळ, दोन चंद्र, आभाळ झाकून टाकणारं जहाज, सगळं आहे त्यात. लागायला सोळा दिवस उरले होते आणि ट्रेलर घरोघरी पोचला होता. तो मास्तरांच्याही घरी पोचला, आणि तिथे माशी शिंकली.

मास्तर म्हणजे माझे गुरू. कात्री कशी धरायची इथपासून मला त्यांनीच शिकवलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी अंतराळावर एक सिनेमा केला होता. जहाज पत्र्याचं, तारे म्हणजे काळ्या कापडाला पाडलेली भोकं आणि मागे दिवा. सिनेमा चार दिवस चालला, पाचव्या दिवशी थिएटरवाल्याने पोस्टर उतरवलं, आणि त्यानंतर मास्तरांना कुणी दारात उभं केलं नाही.

पत्र असं होतं : 'ट्रेलरमध्ये खिडकीचा शॉट आहे. जहाजात बसून जाणाऱ्यांकडे बघत मागे राहिलेली बाई काचेला हात लावते, आणि मग त्याच हाताने स्वतःच झडप खाली ओढून घेते. तो माझा आहे. पैसे नकोत. सिनेमात माझं नाव लावा. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे आणि आयुष्यात मला एवढं एकच धड जमलं.'

"हा जुना सिनेमा कुणी पाहिलाय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मी. मीच कापलाय तो," मी म्हणाले. "पण आपल्या सिनेमात कुठला शॉट घ्यायचा हे मी ठरवत नाही. ते दिग्दर्शकाचं काम."

धाकट्याने बुटांकडे पाहिलं. तो खोटं बोलायच्या आधी नेहमी बुटांकडे बघतो, लहानपणी चपलांकडे बघायचा.

"ती माझी मानवंदना आहे," तो म्हणाला. "मास्तरांना."

वकीलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. मानवंदना हा उत्तम शब्द आहे, म्हणाले. म्हाताऱ्यांना तसं सांगा, लेखी संमती घ्या, शेवटच्या पाटीत नाव टाकू. गुरुवारपर्यंत सही आली नाही तर शॉट काढावा लागेल. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मास्तर माझं ऐकतील, हे न बोलता ठरलं होतं.

मी तेव्हाच सांगितलं, आधी खरं काय ते कळू दे. मास्तरांकडे मी खोटं घेऊन जाणार नाही.

मला हा शब्दच आवडत नाही. गेली दहा वर्षं असले मोठे सिनेमे करणारा प्रत्येक जण मुलाखतीत सांगतो की मी या सिनेमांवर वाढलो, हा माझा त्यांना सलाम. आपण उचललं की मानवंदना, शेजाऱ्याने उचललं की चोरी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि मानवंदना द्यायची तर माणूस समोर उभा राहून देतो. धाकट्याने मास्तरांचं नाव शेवटच्या पाटीत का नव्हतं घातलं? त्या पाटीत ड्रायव्हरांची नावं आहेत, जेवण आणणाऱ्यांची आहेत, एका कुत्र्याचं आहे.

धाकट्याचा इतिहासही काही स्वच्छ नाही. शाळेत असताना माझ्या वहीतलं चित्र खिडकीच्या काचेवर धरून त्याने छापलं होतं आणि त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. मला त्याच चित्राला काही मिळालं नव्हतं. तो बावन्न वर्षांचा झाला तरी मी हे विसरलेले नाही आणि त्याच्या वाढदिवसाला आठवण करून देते.

शिवाय मास्तरांच्या सिनेमाची जगात एकच प्रत उरली आहे आणि ती माझ्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहे. रीळ कुजायच्या आत मीच ती उतरवून घेतली होती. कपाटाची किल्ली टीव्हीखाली असते हे दोनच माणसांना माहीत, मला आणि धाकट्याला. पाणी कुठे मुरतंय हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मंगळवारी सकाळी त्याला फोन केला. "माझी डिस्क कधी नेली होतीस?"

"कुठली डिस्क?"

"मास्तरांची."

"मी नाही नेली, ताई."

"मग मानवंदना काय स्वप्नात दिसली?"

त्याच्या मागे ध्वनीवाले स्फोटाचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवत होते. मग म्हणाला, "तू सही आण ना बाई. कशाला खोदत बसतेस?" आणि फोन ठेवला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं, आणि जोमाने खोदायला बसले.

तो शॉट मी टेबलावर घेतला आणि फ्रेम फ्रेम करत पुढे सरकवला. एकशे चौदा फ्रेम. गोल खिडकी, काच, हात, झडप. मास्तरांची बाई होती तिथे आता आमची नायिका, पत्र्याच्या जागी कसलासा काळा चकचकीत धातू. बाकी झडप ओढताना मान किंचित वळते तीसुद्धा तशीच. मी कमीत कमी तीस वेळा पाहिला असेल. एकतिसाव्या वेळी घड्याळ दिसलं.

आमच्या नायिकेच्या डाव्या मनगटावर जाडजूड घड्याळ आहे. अख्ख्या सिनेमात डाव्याच. या एका शॉटमध्ये ते उजव्या मनगटावर होतं. काचेवर ठेवलेला हातही उजवा.

मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. नक्कल करणारा सापडतो तो असाच, पेपरातल्या चुकीसकट उतरवतो म्हणून. मास्तरांच्या बाईच्याही हातात घड्याळ होतं, हे मला आठवत होतं. कुठल्या हातात, ते आठवेना. पण धाकट्याने काय दिलं आणि कधी दिलं, हे चष्मेवालीकडे लिहिलेलं असणार होतं.

चष्मेवाली म्हणजे आमच्या व्हीएफएक्सची प्रमुख. हा शॉट तिच्या लोकांनी अख्खा कॉम्प्युटरवर बनवला होता, कारण तेव्हा नायिका दुसऱ्या शूटिंगला गेली होती. पटकथेत तर एकच ओळ होती : ती मागे राहते, जहाज दूर जातं. दुपारी बारा वाजता मी तिच्या मजल्यावर गेले. भरदिवसा पडदे ओढलेले, कानाला हेडफोन लावून पन्नास माणसं बसलेली, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. अशा जागी माझं मन फार रमतं.

"मला या शॉटचा रेफरन्स पाहिजे," मी म्हणाले. "सरांनी तुला काय दिलं होतं, कधी दिलं होतं, सगळं."

तिने फोल्डर उघडला. सगळ्यात खालची फाईल दोन वर्षांपूर्वीची होती. तिने ती चालवली. पत्र्याचं जहाज, भोकांचे तारे, मास्तरांची बाई, आणि तिच्या उजव्या हातात घड्याळ. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : तात्पुरता.

"हा सरांनी नाही दिला," चष्मेवाली म्हणाली. "तुमच्या टेबलावरून आला, मॅडम. सर फक्त म्हणाले, हा असाच पाहिजे."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. असल्या सिनेमात निम्मे शॉट शूटिंगमध्ये नसतातच, ते नंतर बनतात. पण संकलन तोवर थांबत नाही. मग संकलक त्या मोकळ्या जागेत कुठल्याही जुन्या सिनेमातला मिळताजुळता तुकडा लावतो, खाली 'तात्पुरता' लिहितो आणि पुढे जातो. सीटवर रुमाल टाकावा तसं. पुढे खरा शॉट आला की तुकडा निघून जातो. खरा शॉट त्या तुकड्याकडे बघूनच बनलेला असतो, पण ते आमच्यात कुणी बोलून दाखवत नाही.

पहिल्या आठवड्यात मी असे तीनशे बारा तुकडे लावले होते. आठवडाभरात चष्मेवालीची करड्या रंगातली कच्ची चित्रं आली आणि ते सगळे निघाले. त्यातला हा एक.

तरीही मी शेवटचा दोर धरून बघितला. घड्याळ. घरी जाऊन डिस्क काढली, मूळ सिनेमा लावला. मास्तरांच्या बाईच्या डाव्या हातात घड्याळ होतं. त्यांचं जहाज पडद्यावर उजवीकडून डावीकडे जातं, आमचं डावीकडून उजवीकडे. दिशा जुळावी म्हणून कुणीतरी तुकडा आरशासारखा उलटवून लावला होता, आणि चष्मेवालीच्या लोकांनी इमानदारीने उजव्या हाताचं घड्याळ उजव्याच हातात केलं होतं. उलटवण्याचं बटण कुठे असतं हे धाकट्याला आजही माहीत नाही. माझं बोट तिथे झोपेतही जातं.

मी त्या कपाटासमोर बसले आणि आठवून आठवून पाहिलं. तो तुकडा लावतानाचं काही म्हणजे काही आठवेना. त्या आठवड्यात मी रोज घरी जायच्या घाईत होते, एवढंच आठवलं.

धाकटा ध्वनीच्या स्टुडिओबाहेर पायरीवर बसून सँडविच खात होता. मला बघून त्याने अर्धं पुढे केलं. मी घेतलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी ओळखला मी. त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी तूच नेलं होतंस मला. थिएटरात आपण दोघं आणि तिकीटवाला."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, मास्तरांसाठी लावलायस तू. माझ्या सिनेमात, गुपचूप. म्हटलं, ताईला जन्मात एकदा कुणाबद्दल चांगलं काही वाटतंय, तर कशाला बोलून घालवा. चष्मेवालीला सांगितलं, असाच ठेव."

"आणि नाव का नाही घातलंस?"

"शेवटची पाटी तूच बसवतेस. म्हटलं तूच घालशील."

"आणि वकिलासमोर?"

"मग काय तुझं नाव सांगू? तुला चोर म्हणाला असता तो."

मला लाज वाटली. इतके दिवस मी त्याला पाण्यात बघत होते आणि तो माझ्यावर पांघरूण घालत होता. हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी फक्त त्याच्या शर्टावरचा पावाचा चुरा झटकला.

"आता सोपं आहे," तो म्हणाला. "जा आणि सांग, मास्तर, मी तुम्हाला मानवंदना दिली. म्हातारा खूश होईल, सही करेल, नाव लागेल. कुणाचं काय जातंय? आणि असेलच की तुझ्या मनात कुठेतरी."

"काही नव्हतं माझ्या मनात."

"ते त्यांना कशाला सांगायचं?"

बुधवारी दुपारी मी मास्तरांकडे गेले. ते मुलीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. दार मुलीने उघडलं. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, पण मला बघून उठले. वजन निम्मं झालंय, नजर तीच.

"कुणी पाठवलं तुला? भावाने की वकिलाने?"

"मीच आले."

"पिशवीत कागद आहे, म्हणजे वकिलाने." ते बसले. मग त्यांना राहवेना. "ट्रेलर मी मुलीच्या फोनवर पाहिला. तीन सेकंद आहे तो शॉट. नातवंडांना दाखवला, खालच्या डॉक्टरांना बोलावून दाखवला. म्हटलं बघा, चाळीस वर्षं झाली, पण कुणाच्या तरी डोक्यात राहिला होता." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता खरं सांग. चोरी की मानवंदना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोन्हींतलं कुठलंही उत्तर त्यांना चालणार होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण मी आयुष्यभर लोकांचं खोटं पकडत आलेली बाई. खरं बोलले की सुटले, असं मला वाटलं.

मी सगळं सांगितलं. मोकळी जागा, तीनशे बारा तुकडे, उलटवलेला शॉट, घरी जायची घाई. भावाचा दोष नाही हेही सांगितलं.

"म्हणजे कुणी आठवणीने नाही लावला," ते म्हणाले.

"मास्तर, हाताला लागला आणि..."

"हं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "चोरला असतास तरी चाललं असतं गं. चोर निदान वस्तू बघून उचलतो."

मी नुसती माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे.

मग त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. वकीलसाहेबांनी त्यात छापलं होतं, 'मानवंदना म्हणून वापरण्यास संमती'. मास्तरांनी 'मानवंदना म्हणून' हे दोन शब्द सावकाश खोडले, खाली सही केली आणि कागद माझ्या पिशवीवर ठेवला.

"नाव लावा. नुसतं नाव."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. दोन कप होते.

"तिला नको," मास्तर म्हणाले. "ती घाईत असते."

मुलीने गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि एक कप परत नेला. मी कागद घडी न घालता पिशवीत ठेवला आणि चपला घातल्या.