अंगठ्याची जागा

माझा अंगठा त्या चित्रात नव्हता.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. नव्हताच. कुरडया वाळत घातलेली गच्ची होती, कोपऱ्यात जुना कूलर होता, त्याच्या खसाच्या पडद्यावर ऊन होतं. पण कठड्यावर, जिथं मी गेरूत बुडवून अंगठा दाबला होता, तिथं साफ राखाडी रंग होता. अन् तो नवीन दिलेला होता. जन्म गेला माझा पोट्ट्यायले चित्रकला शिकवण्यात, ताजा रंग अन् जुना रंग मले समजत नाही काय? मी बाजूचं चित्र पाहिलं, तेही मुग्धाचंच. त्याच्यातही नव्हता. तिसऱ्यात नव्हता, चौथ्यात नव्हता. मुग्धानं सगळीकडून मले काढून टाकलं होतं.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या गॅलरीत विदर्भातल्या बायांच्या चित्रांचं प्रदर्शन लागून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. माणसं शिडीवर चढून दिवे फिरवून राहिली होती, अन् मी मधात उभी. एकानं म्हटलं, "मॅडम, जरा सरका." मी सरकली. दुसरं काय करणार?

आता हे अंगठ्याचं प्रकरण काय, ते सांगतो. हो, मी 'सांगतो'च म्हणतो, आमच्याकडं बाया असंच बोलतात. मुग्धा महालातली, जुन्या वाड्यांच्या वस्तीतली; मी इंदोऱ्यातली, बौद्ध वस्तीतली. कॉलेजात एका वर्गात होतो. तेव्हा एकदा माझं चित्र अडलं. परीक्षक यायचे होते, अन् चित्र मेलं पडलं होतं, काही केल्या हलेना. मी पाणी प्यायले गेली. परत येऊन पाहतो तं काय, या बयेनं माझ्या चित्रात पिवळी रेघ ओढून ठेवली! बारीक, लांब, एका दमात ओढलेली. माझं डोस्कं असं सणकलं का मी ब्रश फेकून मारला तिले. कपाळाले लागला. ती कपाळ चोळत म्हणे, "अवं, आधी पाहून तं घे." मी पाहिलं. चित्र जागं झालं होतं.

तेव्हापासून आमचा रिवाजच झाला. चित्र झालं तरी सही करायची नाही. भिंतीकडं तोंड करून ठेवायचं. दुसरी आली का तिनं आधी चहा प्यायचा, मग चित्र फिरवायचं, अन् तिले वाटंल तिथं हात लावायचा. एकदाच. दुसऱ्यांदा नाही. अन् मग जिचं चित्र तिनं सही करायची. मुग्धाचा हात म्हणजे ती पिवळी रेघ. माझ्या हातून अशी रेघ सात जन्मात निघायची नाही. अन् माझा हात म्हणजे हा अंगठा. बोटानं रंग लावायची मले खोडच आहे. "आली आमची अंगठाछाप," मुग्धा म्हणायची. मी म्हणायची, "मग तूच कर वं पूर्ण, मले कायले बोलावतं?" तं मांडी घालून बसायची अन् हटून म्हणायची, "नाही, तू लावल्याबिगर मी सही नाही करत."

माझ्या घराच्या गच्चीवर टिनाची खोली आहे, तिथं आम्ही काम करायचो. उन्हाळ्यात टिन असं तापायचं का रंग डब्यातच वाळायचे. कूलर लावून, ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन आम्ही दोघी बसायचो. तिच्या डब्यात साबुदाणा, माझ्या डब्यात झुणका-भाकर, खाणार एकत्र. कोण कोणत्या गल्लीतली, कोणाच्या घरी कोणता देव, अन् कोणाच्या घरी नाही, हे आम्ही कधी काढलंच नाही. तिच्या सासरी, म्हणजे उन्मेषरावांच्या घरी, मात्र मी फार जायची नाही. तिनं कधी ये म्हटलं नाही, अन् मी कधी काहून म्हणून विचारलं नाही.

मग ही चिन्मयी आली पुण्याहून. प्रदर्शनाची क्युरेटर. तिशीतली, हुशार, बोलण्यात गोड. तिच्यावर माझा राग नाही. तिनं माझी दोन चित्रं घेतली, तोंडाले दुपट्टे गुंडाळून स्कूटीवर जाणाऱ्या पोरींची. मुग्धाची चार घेतली, अन् समोरची मोठी भिंत दिली. वर हेही म्हटलं का पुढच्या वर्षी मुग्धाताईंचं एकटीचं प्रदर्शन करू. मले इतका आनंद झाला का मी सीताबर्डीहून पेढे आणले. मुग्धा म्हणे, "चित्रं घरी नेतो, वॉर्निश मारतो." मीच ती चादरीत गुंडाळून ऑटोत ठेवून दिली. तिच्या मांडीवर ठेवली अन् ऑटोवाल्याले म्हटलं, "सांभाळून ने बाप्पा, खड्डे पाहून."

तर हे असं वॉर्निश मारलं तिनं.

ती आली तेव्हा मी तिले हाताले धरून बाहेर चहाच्या टपरीवर नेलं.

"काढला तू तो?" मी विचारलं.

"हळू बोल ना. लोक बघतायत."

लोक बघतायत! माझ्याशी ती असं पुस्तकातलं कधी बोलत नव्हती. चिन्मयीशी बोलायची तसं बोलून राहिली होती.

"मी हळूच बोलून राहिली. काढला का नाही?"

"काढला," मुग्धा म्हणाली. कप दोन्ही हातांत धरून ती कपातच पाहत होती. "चिन्मयीनं विचारलं, हे ठसे कसले? मी काय सांगणार होते?"

"खरं सांगायचं. मैत्रिणीचा अंगठा आहे म्हणायचं. चोरी केली काय आपण?"

"आणि मग तिनं विचारलं असतं, मग चित्र कुणाचं?"

"तुझंच. सही तुझी राहते ना!"

"तुला नाही समजायचं, प्रेमिला." आता तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते तिचे, खोटं कशाले सांगू. "तुझी नोकरी होती. तुला अजून रस्त्यात मुलं थांबून मॅडम म्हणतात. माझं काय होतं? उन्मेषच्या घरी मी चित्र काढते म्हणजे माझा टाइमपास. कुणी आलं की कॅनव्हास पलंगाखाली सरकवायचा. या वयात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हटलं, हे तुमचं आहे, फक्त तुमचं. मला ते सगळंच्या सगळं हवं होतं गं. तेवढंसुद्धा वाटून घ्यायचं का मी?"

ती खोटं बोलत नव्हती. तो पलंग मी पाहिला नव्हता, पण त्याच्याखाली सरकवून सरकवून कॅनव्हासचे कोपरे कसे घासले होते ते पाहिलं होतं. पण म्हणजे इतकी वर्षं माझा अंगठा तिले वाटणीदार वाटत होता काय? मले वाटे, मी तिले काही देऊन राहिली. अन् एक वाईट विचारही आला, का दुसऱ्या कोणाचा अंगठा असता, तिच्या महालातल्या एखादीचा, तं ठेवला असता काय हिनं? तो विचार मी तोंडावाटे काढला नाही. पण तो आला, अन् आला याचाच मले जास्त राग आला. कॉलेजापासून तो कधी आला नव्हता.

"तुझ्या चित्रांतल्या माझ्या रेघा हव्या तर तू झाकून टाक," ती म्हणाली. "मला वाईट नाही वाटणार."

"मले वाटंल ना पण!" मी इतक्या जोरानं म्हटलं का चहावाल्यानं वळून पाहिलं.

मग मीच नरम पडली. माझं हे असंच आहे, भडकतो लवकर अन् विझतो लवकर. मी म्हटलं, "जाऊ दे. काढला तं काढला. भिंतीवरून आता कोण उतरवते? पण उद्या तू माईकवर बोलशील ना, तेव्हा एकदा म्हण. का माझी एक मैत्रीण आहे, आम्ही दोघी एकमेकींच्या चित्राले हात लावतो. बस, इतकंच म्हण. मले भिंत नाही पाहिजे, नाव नाही पाहिजे. तू म्हटलेलं मले ऐकायचं आहे."

"बघते," मुग्धा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली पांढरी साडी नेसून गेली. गर्दी बरीच होती. अमरावतीच्या बाया होत्या, चंद्रपूरची एक पोरगी कोळशानं मोठमोठी चित्रं काढून घेऊन आली होती, लय भारी. उन्मेषराव मोबाइलवर बायकोचे फोटो काढून राहिले होते, जशी काही इतके दिवस त्यांनीच रंग कालवून दिले. दिवा लागला, सत्कार झाले, अन् मुग्धाच्या हातात माईक आला. मी खुर्चीच्या पार टोकावर सरकून बसली.

ती छान बोलली. गच्चीबद्दल बोलली, कुरडयांबद्दल बोलली, उन्हाचा रंग पांढरा नसतो तं राखाडी असतो, हे बोलली. हे शेवटचं मी तिले सांगितलं होतं एकदा, पण ते जाऊ द्या. मग तिनं सासूबाईंचे आभार मानले, उन्मेषचे मानले. थांबली. मले वाटलं, आता. ती माझ्याकडं पाहूनही राहिली होती. अन् मग म्हणाली, "चित्रकाराची वाट शेवटी एकटीची असते. मीही ती एकटीनंच चालले."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तिथूनच घरी निघून जायचं होतं मले. पण चिन्मयी चार-पाच पाहुण्यांले घेऊन माझ्या चित्रासमोर आली, अन् मले हाताले धरून मधात उभं केलं. "या प्रेमिलाताई," ती म्हणाली. "आणि ही रेघ बघा." स्कूटीवरच्या मागच्या पोरीच्या मानेवरून, दुपट्ट्याच्या काठानं, ती पिवळी रेघ गेली होती. "ताई, तुमचं बाकी सगळं काम बोटांचं आहे, दाट, जाड. आणि मध्येच ही इतकी नाजूक रेघ. दुसऱ्याच कुणाचा हात वाटावा अशी. मी सकाळपासून विचार करतेय, हे कसं सुचलं तुम्हाला?"

पाहुण्यांच्या मागं मुग्धा उभी होती. हातात सत्काराचा गुच्छ. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मी खरं सांगितलं, का ही मुग्धाची रेघ आहे, तं पुढचा प्रश्न काय येईल हे तिलेही समजत होतं, मलेही. मग तिच्या चित्रांत कोणाचा हात? मग तो कुठं गेला? चार माणसांत तिची भिंत खाली आली असती.

तोंडाशी आलं होतं माझ्या. आईशप्पथ, अगदी ओठावर आलं होतं. कालपासून मी दुसरं काही ऐकायले तरसली नव्हती, तिचं नाव अन् माझं नाव एका वाक्यात. ती नाही म्हणाली तं मी म्हणतो, असंही वाटलं. पण ती माझ्याकडं अशी पाहत होती, का अशी भीक मागतांना मी तिले कधी पाहिलं नव्हतं. ब्रश कपाळाले लागला तेव्हाही ती अशी दिसली नव्हती.

"माझीच आहे रेघ," मी म्हटलं. "सुचली, ओढली. बस."

"वा," चिन्मयी म्हणाली. पाहुणे जवळ वाकून पाहू लागले. एकानं फोटो काढला.

मले वाटलं होतं, मुग्धाले लागेल. तिची रेघ होती ती, माझ्या चित्रातून ती सगळ्यांदेखत पुसली होती मी, रंग न लावता. लागायले पाहिजे होतं तिले. डोळ्यांत पाणी नाही तं नाही, निदान मान तरी खाली जायले पाहिजे होती. पण मुग्धानं मोठा श्वास सोडला. खांदे सैल पडले तिचे. सुटली ती. पाहुणे पुढं सरकल्यावर ती माझ्याजवळ आली, माझा हात दाबला, अन् खरोखर मनापासून म्हणाली, "थँक यू, प्रेमिला."

मी तिचे डबे खाल्ले होते. तिच्या बाळंतपणात दवाखान्यात रात्री जागल्या होत्या. माझी माय गेली तेव्हा तिनं माझ्या घरची चूल पेटवली होती. कधी कोणी कोणाले थँक यू म्हटलं नव्हतं. अशी वेळच नव्हती आली.

उत्तर तं द्यायले पाहिजे. ती वाट पाहून राहिली होती.

"वेलकम," मी म्हटलं.