नकाशातली बिननावी खोली

मी एक खोली बोलतेय. हो, खोली. अख्खं घर बोलायला लागलं की तुम्ही कौतुकानं कान देता, मग माझंही जरा ऐका की. उचगावात ईरप्पांच्या घरात मागच्या अंगाला आहे मी. एक दार, दोन खिडक्या आणि एक शिलाईचं मशीन. बघायला यावं असं माझ्यात काही नाही. पण वीट लागायच्या आधी कितीतरी महिने मी नुसती कागदावर होते, आणि त्या दिवसांत माझा जीव असा टांगणीला लागला होता की आठवलं तरी अजून धडकी भरते.

माझा जन्म कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जिन्यावरच्या ऑफिसात झाला. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. अमरसिंह नावाचा तरणा इंजिनिअर टेबलावर ट्रेसिंगचा कागद पसरून बसला होता आणि समोर ईरप्पा. ईरप्पांचं गंगावेशीजवळ किराणा मालाचं दुकान. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा सगळा संसार झालेला. आता उचगावात प्लॉट घेतला होता आणि तिथं स्वतःचं घर बांधायचं होतं.

अमरसिंहनं हॉल काढला, स्वयंपाकघर काढलं, दोन बेडरूम काढल्या, देवघर काढलं. सगळं मांडून झाल्यावर एक कोपरा उरला. त्यानं पेन्सिलीच्या चार रेघा ओढल्या आणि झाले मी.

"आप्पा, इथं काय लिहू?"

ईरप्पांनी कान खाजवला. "ऱ्हाऊ दे. बघू."

घ्या! बाकीच्यांना नावं मिळाली आणि माझं नाव 'बघू'.

अमोनियाचा वास मारणारी निळी प्रिंट होऊन मी दुकानामागच्या खोलीत आले. जमिनीवर मला पसरायचे आणि कागद गुंडाळू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दुकानातली वजनं ठेवायचे. मग सगळे वाकून बघायचे. कागदावरून माणूस बघितलाय का कधी तुम्ही? आधी नाकपुड्या दिसतात, मग मनातलं दिसतं. ज्याला जे पाहिजे तिथंच त्याचं बोट टेकतं.

ईरप्पांचा मुलगा रुद्रेश, दुकान आता तोच बघायचा, त्याचं बोट नेमकं माझ्यावर यायचं. "आप्पा, हितं गोडावून करूया. साखरेची पोती आन् तेलाचं डबं काय डोक्यावर घिऊन झोपू व्हय?" खोटं नव्हतं त्याचं. त्याची पोरं खरंच पोत्यांना पाय लावून झोपायची. त्याची बायको दानेश्वरी, तिचं बोट स्वयंपाकघराच्या भिंतीवर. ती भिंत तिला माझ्या अंगात सरकवायची होती. "ताटं मांडायला तरी जागा नको का?" असं म्हणत तिनं मला दोनदा कापली. ईरप्पांची बायको अक्काताई, तिला सगळे अव्वा म्हणायचे, तिला देवघराची तेवढी काळजी. मग कुणीतरी वास्तुवाला आणला. त्या सालात कोल्हापुरात वास्तुवाल्यांचं पेवच फुटलं होतं. त्यानं होकायंत्र काढलं, डोळे मिटले आणि मला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात टाकलं. पंधरवड्यानं दुसरा वास्तुवाला आला, त्यानं पुन्हा होती तिथं आणली. अमरसिंहच्या खोडरबरानं ट्रेसिंगचा कागद माझ्या जागी विरत चालला होता. आता फाटतेय, मग फाटतेय, असं व्हायचं.

या सगळ्यात एक बोट कधीच कागदावर टेकलं नाही. विद्याश्रीचं.

विद्याश्री ईरप्पांची धाकटी मुलगी. कुरुंदवाडला कापडदुकानवाल्या शशिधरशी तिचं लग्न झालं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली न झाली तोच एका दुपारी ती एक पिशवी घेऊन एकटीच माहेरी आली. "मला तिथं जमत न्हाय," एवढंच म्हणाली. आता तुम्ही म्हणाल, घरच्यांनी जवळ बसवून विचारलं असेल. कुठलं! सगळ्यांना वाटलं, पोरगी रुसलीय, दिवाळीपर्यंत जाईल. दिवाळी गेली, बैलांचा बेंदूर गेला, पुन्हा दिवाळी आली. ती दुकानात पुड्या बांधायची, शेजारणींची झंपरं शिवायची आणि अव्वाच्या अंथरुणाशेजारी अंग चोरून झोपायची. मारकुटी माणसं नव्हती हो ही. पण विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल, याची भीती प्रत्येकाला होती.

आणि म्हणूनच मला नाव मिळत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, नव्या घरात एकट्या विद्याश्रीलाच खोली नाही. पण माझ्यावर तिचं नाव घालायचं म्हणजे ती परत जाणार नाही हे कबूल करायचं. अव्वा तर एकदा बोललीच, "तिला खोली बांधून दिली की ती कशाला जाईल वो नांदायला?" विद्याश्री चहाचे कप ठेवायला आली होती, तिनं ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि कप ठेवून गेली. त्या दिवशी मला माझ्या बिननावाची लाज वाटली.

मग आला तो रविवार.

सोमवारी प्लॅन ग्रामपंचायतीत द्यायचा होता. त्यामुळे अमरसिंह शेवटची प्रिंट घेऊन सकाळीच हजर. आणि नेमके त्याच दिवशी शशिधरचे काका बोलणी करायला येतायत, असा कुरुंदवाडचा निरोप शनिवारी आला होता. अव्वानं पहाटेच पुरण घातलं होतं. रुद्रेशनं नवा शर्ट घातला. विद्याश्री आत पोळ्यांच्या कामाला लागली होती. तिनं कणीक इतकी मळली, इतकी मळली की दानेश्वरीनं शेवटी तिच्या हाताखालनं परात ओढून घेतली.

काका आले. धिप्पाड माणूस, कपाळाला विभूती, बोलणं गोड. "शरणु शरणार्थी, ईरप्पा," करून गादीवर बसले. मी समोरच पसरलेली होते.

"झालं गेलं इसरून जावा," ते म्हणाले. "शशी बोलवतोय. आज पोरगीला संगट घिऊनच जातो. काय म्हनता?"

ईरप्पांचे खांदे एकदम सैल झाले. दीड वर्षाचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं त्यांचं तोंड झालं. अव्वानं आत देवांकडं बघून हात जोडले. बाई गं, त्या वेळी माझ्या चारी रेघा थरथरल्या. मला कळलं की आता मी गोडावून. दार जाणार, शटर येणार.

काकांची नजर माझ्यावर पडली. घराचा प्लॅन दिसला की पाहुण्याला त्यात बोट घालायचं असतंच. "ही कुनाची खोली वो? नाव न्हाय घातलं."

"गोडावून हाय ते," रुद्रेश पटकन म्हणाला.

अमरसिंहनं खिशातलं पेन काढलं. "मग लिहून टाकतो. पंचायतीत कोरी जागा चालत नाही. गोडावून, आणि दाराच्या जागी शटर. बरोबर, आप्पा?"

ईरप्पांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, मला नाही सांगता येणार. पेनाचं टोक माझ्या अंगाला लागलं.

तेवढ्यात विद्याश्री चहाचा ट्रे घेऊन आली. काकांपुढं कप ठेवला, अमरसिंहपुढं ठेवला. मग उठली नाही. तशीच गुडघ्यावर बसून राहिली. आणि पहिल्यांदाच तिचं बोट कागदावर आलं. माझ्या दारावर.

"एक इचारू? ह्या खोलीला कडी आतनं बसंल का?"

अमरसिंह हसला. बिचाऱ्याला काय ठाऊक! "ताई, आतनं कडी असतीच की. नुसती बाहेरनं कशाला? माणूस कोंडायचाय काय?"

कुणी हसलं नाही.

"तिकडं बाहेरनं होती," विद्याश्री म्हणाली.

बस्स, एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. बाहेर दुकानात कुणीतरी शेंगदाणे मागत होतं, दानेश्वरीचा थोरला मुलगा काट्यावर तोलून देत होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

ईरप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी जमिनीला हात टेकला. "कडी... म्हंजी? कवा लावायचं?"

"दुकानला जाताना लावायचं. आल्यावर काढायचं." ती माझ्या दाराकडेच बघत होती. "मधी पानी पायजे झालं तर खिडकीतनं सासूबाईंना हाक मारायची. कवा आयकू जायची, कवा न्हाय."

"आगं, पर तू बोलली का न्हाईस?" अव्वा दारातनं ओरडली. ओरडताना तिचा पदर पुरणाच्या हातानं माखला.

"तुमी इचारलं कुटं, अव्वा?"

काकांच्या हातातली बशी वाजली. "तसं न्हाय वो ईरप्पा. गल्ली जरा वंगाळ हाय आमची. पोरगी नवी. काळजीपोटीच लावीत असंल की शशी. कडी काय, आपल्या घरात बी आसती."

मी ईरप्पांना वर्षभर खालून बघत आले होते. हिशेबी, मवाळ माणूस. गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज दुकानाच्या पायरीपर्यंत गेला.

"पावणं, च्या प्या आन् निघा."

"अवो, पर बोलनं तरी..."

"निघा म्हनलं न्हवं! माझ्या घरात पोत्याला बी मी हवा लागू देतो. आन् तुमी माझी पोरगी कोंडून घातली?"

काका चहा न पिताच उठले. चपला घालताना काहीतरी पुटपुटले, ते कुणी ऐकून घेतलं नाही. ईरप्पा पुन्हा खाली बसले. माझ्यावर बोट ठेवून अमरसिंहला म्हणाले, "लिव. विद्याश्रीची खोली."

"आप्पा, प्लॅनवर नाव नसतं लिहीत. बेडरूम लिहितात."

"मला शिकवतो व्हय? लिव म्हनतोय न्हवं!"

अमरसिंहनं लिहिलं. सुबक अक्षरात, माझ्या बरोबर मधोमध. पुढं पंचायतीतल्या क्लार्कनं ते वाचून भुवया उडवल्या म्हणे. उडवू दे. मला नाव मिळालं होतं.

रुद्रेशचं सांगायचं राहिलं. तो उठून दुकानात गेला. मला वाटलं, गोडावून गेलं म्हणून फुगला. दुपारी जेवायला आला तेव्हा डोळे लाल. कुणाकडेही न बघता म्हणाला, "पोती माडीवर चढवू. जिना जरा रुंद काडायला सांगा त्याला." दानेश्वरीनं मात्र माझी कापलेली फूटभर जागा काही परत दिली नाही. तिचं स्वयंपाकघर अजून मोठंच आहे आणि मी अजून चिंचोळीच आहे. चालायचंच.

पुढच्या वर्षी मी विटेची झाले, गिलावा झाला, दार बसलं. घरभरणीच्या सकाळी जंगमस्वामी आले होते, पाहुण्यांची गर्दी होती. ईरप्पा एकेक खोली बघत माझ्यापाशी आले आणि दारात थबकले. आत कडी होती, नवी, चकचकीत. पण सुतारानं आपल्या सवयीनं बाहेरनंही एक ठोकून दिली होती. सगळ्या दारांना असतेच ना. ईरप्पा पाहुण्यांना तसंच सोडून दुकानाच्या गाडीतनं पेचकस घेऊन आले आणि नव्या धोतरावर, सगळ्यांदेखत, माझ्या बाहेरच्या कडीचे स्क्रू एकेक करून काढले. स्वामी हातात अक्षता घेऊन थांबले होते. विद्याश्री जिन्याजवळ उभी होती.

त्या कडीच्या जागी माझ्या दारावर चार भोकं राहिली.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. कुरुंदवाडशी कागदोपत्री सुटका व्हायला बराच काळ गेला, तोही तिनं इथंच बसून काढला. आता सकाळपासून माझ्यात मशीन चालतं. उचगावातल्या पोरी शिवण शिकायला येतात, चिंध्यांचा ढीग पडतो, हसणं-खिदळणं असतं. आतली कडी सुरुवातीला ती रोज लावायची. लावायची, ओढून बघायची, काढायची, पुन्हा लावायची. हल्ली दार नुसतं लोटलेलं असतं.

मधे दिवाळीच्या आधी रंगारी आला होता. माझ्या दारावरून हात फिरवून म्हणाला, "आप्पा, ही भोकं वंगाळ दिसत्यात. पुट्टी भरून घासून देतो, कळायचं बी न्हाय."

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. घराचा प्लॅन कराल तेव्हा वाकून बोलणाऱ्यांचं ऐकाच, पण जो चहा ठेवून गप्प निघून जातो त्यालाही एकदा बसवा. कागद समोर असतो तोवर भिंत खोडरबरानं हलते हो. नंतर घण लागतो.

आणि हो, रंगाऱ्याचं राहिलंच. ईरप्पा आता थकलेत, काठीशिवाय चालत नाहीत. त्यांनी काठी माझ्या दाराला टेकवली आणि बोटानं ती चारही भोकं चाचपली.

"नको भरू," ते म्हणाले. "मला दिसूदेत."