जिन्यातली माफी

तान्ह्या चिमणीचा कुठे डोळा लागतोय, तोच खालच्या मजल्यावरच्या मावशींनी सूर लावला. चर्चमधल्या रविवारच्या उपासनेसाठी त्यांचा रोजचा सराव. रात्रभर जागलेल्या आईचं डोकं फिरलं. दार उघडून ती जिन्यातूनच ओरडली, "मावशी, पुरे करा ते किंचाळणं! लोकांच्या घरात लेकरं आहेत!"

सूर मध्येच तुटला.

मग तीन दिवस खाली सगळं चिडीचूप. आणि चिमणी? दुपारी झोपेचं नाव काढीना. आईने येरझाऱ्या घातल्या, ताप मोजला, पुन्हा मोजला. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, ही मावशींच्या गाण्यावरच तर झोपायची. तुझ्या लक्षात नाही आलं?"

त्यात पाळकांचा फोन. "रविवारी वाचन तुझं. शब्दाने माणूस घायाळ कसा होतो आणि बरा कसा होतो, शास्त्रातला तो भाग. आणि हो, तुमच्या मावशींनी क्वायरमधलं गाणं सोडलं. घसा गेला म्हणतात."

आईने फोन ठेवला. घसा कुणी घालवला, ते तिला पक्कं ठाऊक होतं. चिमणीला कडेवर घेऊन ती तडक खाली गेली.

मावशींनी दार बोटभर उघडलं. "हळू बोल. लोकांच्या घरात लेकरं आहेत."

"चुकलं माझं, मावशी," आई पुटपुटली.

"ओरडताना सगळ्या जिन्याला ऐकवलंस, आणि माफी कुजबुजत?"

आई दारापासून मागे सरली. जिन्यात उभी राहून ती ओरडली, "मावशींचा आवाज फार गोड आहे!"

"खोटं! शास्त्र वाचणार ना तू? वरचा सूर मला चाळीस वर्षांत लागलेला नाही."

आई गोंधळली. मग खरं तेच बोलली, आणखी मोठ्याने. "मावशी गायल्या नाहीत, म्हणून तीन दिवस माझी लेक झोपली नाही! मी वाट्टेल ते बोलले! मावशी, गा ना!"

पटापट दारं उघडली.

"आम्हालाही चुकल्याचुकल्यासारखं होतंय," वरून एका काकू म्हणाल्या.

"मला नाही," त्यांचे यजमान म्हणाले, "पण गा!"

मावशींनी हसू दाबलं, पण खांदे हललेच. दार सताड उघडून त्यांनी चिमणीला आईच्या कडेवरून उचलून घेतलं.

"पाळकांना कळव, घसा परत आला म्हणून. आणि रविवारी वाचताना घाई करू नकोस. पुढच्याच बाकावर बसणारे मी."