डावा गुडघा

हिसाओने गावच्या बंद पडलेल्या शाळेत सुमोचं छोटं संग्रहालय उभं केलं, तेव्हा तोकुजीने आपलं जरीचं कटिवस्त्र एका शब्दावर देऊन टाकलं होतं. आखाड्यात उतरताना मिरवायचं ते वस्त्र. हिसाओला नाही द्यायचं तर कुणाला? दोघं एकाच दिवशी तालमीत दाखल झालेले. पुढे तोकुजी पैलवानांच्या वरच्या श्रेणीत गेला आणि रिवाजाप्रमाणे हिसाओ त्याचा सेवेकरी झाला. गुडघा मोडून तोकुजीची कुस्ती सुटली, तेव्हा इस्पितळात त्याला पेज भरवणाराही हिसाओच.

आज तोकुजी पहिल्यांदाच संग्रहालय बघायला आला होता.

"हे बघ, कालच लावलंय," हिसाओने कौतुकाने पडदा सुरू केला. "मिनेयामाची मुलाखत. मलाही ऐकायला सवड झाली नाही अजून."

मिनेयामा म्हणजे गुडघा मोडला त्या शेवटच्या कुस्तीतला तोकुजीचा प्रतिस्पर्धी. पडद्यावर तो म्हातारा खुशीत बोलत होता. "आता कसली लपवाछपवी! त्याच्याच सेवेकऱ्याने सांगितलं होतं मला, डावा गुडघा गेलाय म्हणून. मग काय, तिथेच धडक दिली!"

बाकावरच्या दोन बायका खुदकन हसल्या.

हिसाओने घाईघाईने पडदा बंद केला. ते दुखणं तोकुजीने वस्तादांपासूनही लपवलं होतं. न्हाणीघरात पट्टी बांधणाऱ्या एकट्या हिसाओला ठाऊक होतं.

"का रे?" तोकुजीने विचारलं.

हिसाओची मान वर होईना. "रोज तुझी पाठ घासायचो मी. बरोबरीने आलो होतो ना आपण? एकदा तरी आपटावास, एवढंच वाटलं होतं. मोडशील असं नव्हतं रे वाटलं."

"आणि पेज?"

"ती मनापासून भरवली. देवाशपथ."

तोकुजीला तेच जास्त लागलं. शिव्या देता आल्या असत्या, पण त्या पेजेचं काय करायचं?

"कपाट उघड," तो म्हणाला.

"तोकुजी, हे गेलं तर इथे उरतं काय?"

"उघड."

हिसाओने वस्त्र काढलं, जुन्या सवयीने नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. तोकुजीने ते काखेत मारलं. बाहेर सफरचंदाच्या बागांवर बर्फ पडत होता. बस येईपर्यंत हिसाओ दारात उघड्या डोक्याने उभा होता. तोकुजीला ते दिसत होतं. त्याने हाक मारली नाही.