पूर्ण बोट

रक्त काढणाऱ्याला कुणी दुवा देत नाही, पण याला द्यायचे. दवाखान्यात त्याचं नावच पडलं होतं ‘मच्छर’. चावला कधी, ते कळायचंच नाही. सव्वीस वर्षं तो दंडाला पट्टा आवळून, डोळे मिटून, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने शीर शोधत आला होता. ज्यांची शीर कुणालाच सापडत नसे, अशा म्हाताऱ्या त्याच्यासाठी तासभर बाकावर बसून राहत.

मग एका सकाळी दवाखान्याचं लोखंडी शटर त्या बोटावर आलं. शेंडा गेला.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. हाड तासून बोट आखूड करायचं. लवकर भरेल, स्पर्शही चांगला राहील. नाहीतर मधल्या बोटाच्या पाठीची कातडी झाकणासारखी उघडून शेंड्यावर शिवायची. बोट पूर्ण दिसेल, स्पर्शाची मात्र हमी नाही.

तो तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, “पूर्णच ठेवा हो. थोटं बोट घेऊन फिरायचं का यांनी?”

त्याने मान डोलावली. घरातले मोठे निर्णय तो असेच घेत आला होता.

तीन आठवडे दोन्ही बोटं एकमेकांना शिवलेली. “एवढा संसार झाला, आपण कधी असे चिकटून बसलो नाही,” तो म्हणाला, तेव्हा ती हसली. बोटं सोडवली तर शेंडा खरंच छान जमला होता. जरा सावळा, वर दोन केस.

“याला मिशा फुटल्या बघा!”

पुढे सात महिने रोज दुपारी ती त्याला डोळे मिटायला लावी आणि शेंड्याला एकेक वस्तू टेकवी. कापूस, कंगवा, काडेपेटी. हल्ली तो सगळं बरोबर सांगायचा. सोमवारी कामावर जायचंही ठरलं.

त्या दुपारी कापूस खाटेखाली गेला. ती वाकून शोधत होती.

“कापूस,” डोळे मिटूनच तो म्हणाला. “मऊ आहे.”

तिचे हात रिकामे होते. “बरोबर,” ती कशीबशी म्हणाली. कंगव्याला तिने हात लावला नाही. नुसती थांबली.

“कंगवा.”

रोजचा क्रम पाठ झाला होता त्याला. आपल्यापुरतं खोटं बोलला असता तर तिने चालवून घेतलं असतं. पण सोमवारी कुणाच्या तरी हातात सुई जाणार होती. तिने बाही वर केली.

“आधी माझी शीर शोधा. तशीच, डोळे मिटून.”

शेंडा तिच्या कोपराच्या खोबणीत फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

“ही.”

तिची हिरवी शीर तिथून चांगली दोन बोटं बाजूला होती. ‘बरोबर’ म्हणायला तिची जीभ उचलेना. तो वाट पाहत राहिला, मग त्याने डोळे उघडले.

“मधल्या बोटाने बघा ना.”

“ते अडाणी आहे गं. सगळं शिक्षण याचंच झालं होतं.”

“मी तेव्हा डॉक्टरांपुढे उगाच तोंड घातलं.”

तिची बाही त्याने हळूच खाली ओढली.

“खिडकीवर नावं पुकारायला माणूस हवाय म्हणत होते,” तो म्हणाला. “सोमवारी विचारतो.”