कणगीचं लिंपण

मंगल आताशा स्वतःवरच पाळत ठेवून असायची. गोठ्याची कडी लावली की मोठ्यानं म्हणायची, "लावली." चार पावलं गेली की परत येऊन हात लावून बघायची. उत्रोलीतल्या बाया हसायच्या. हसण्यासारखंच होतं म्हणा. पण हे खूळ तिच्या डोक्यात आपसूक शिरलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, मानसिंगनं, वर्षभर ते रोज थोडं थोडं भरवलं होतं.

"दूध तुझ्यामुळंच उतू गेलं." "कडी तूच उघडी टाकलीस." "असं म्या कधी म्हणलो? मंगल, तुला काय व्हतंय गं?" आणि हे सगळं इतक्या मायेनं, की रागवायचीही सोय नाही.

वर्षापूर्वीच गावातल्या अठरा बायांच्या गटानं बियाणं सांभाळायला मंगलला निवडलं होतं. आंबेमोहराचं जुनं वाण, सगळ्यांनी निवडून, पाखडून तिच्या कणगीत भरायचं. गावात आलेला माणूस "मंगलताईंचं घर कुठलं?" असं विचारायला लागला आणि मानसिंगचं नाव मागं पडलं. ते त्याला कुठं झोंबलं असेल, हे मंगल सोडून कुणालाही कळलं असतं.

रोपं टाकायला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी त्यानं तिला पडवीत हाक मारली. कणगीचं झाकण तिरकं झालं होतं आणि आत उंदरांनी धुडगूस घातला होता. वरचा टोपलंभर भात फस्त.

"तू लिंपलंच न्हाईस," तो हळू आवाजात म्हणाला. "नुसतं झाकण ठेवलंस. म्या बघितलं व्हतं, पन म्हणलं, तुला वाईट वाटंल."

शेण कालवल्याचं, झाकणाच्या कडेनं हात फिरवल्याचं मंगलला आठवत होतं. पण आठवत तर कडी लावल्याचंही होतं.

"आज गटाच्या मिटिंगीत सांगून टाक, माझ्यानं हुईत न्हाई म्हणून. म्या येतो संगट. मग पुण्याला डोक्याच्या डॉक्टरला दाखवू."

ती बरं म्हणाली. शेणाची पाटी घेऊन उकिरड्यावर गेली आणि तिथंच थबकली. मागच्या अंगाला पाचोळा ओढून ठेवला होता आणि त्याखालून वाळक्या लिंपणाच्या खपल्या डोकावत होत्या. तिनं एक उचलली. चार बोटांच्या रेघा, त्यातली मधल्या बोटाची आखूड. विळ्यानं पेरभर तुटलेलं बोट अख्ख्या घरात तिचं एकटीचं. आणि मागच्या वर्षीचं लिंपण तिनं स्वतः भिजवून अंगण सारवलं होतं. म्हणजे हे यंदाचंच.

उंदीर लिंपण कुरतडतात. त्यावर पाचोळा ओढून ठेवत नाहीत.

तिला आधी आनंद झाला, अगदी वेड्यासारखा. मग भीती वाटली. मग कडी, दूध, हरवलेल्या किल्ल्या सगळं एकेक करून आठवायला लागलं, आणि प्रत्येक वेळी तिथं तिच्या आधी कोण पोचलं होतं, तेही.

खपल्या पदरात घेऊन ती शेजारच्या ठकुबाईंकडे गेली. "आक्का, म्या यंदा कणगी लिंपली व्हती का?"

"व्हय की. शेण माझ्याच म्हशीचं नेलंवतंस." मग म्हातारीनं मान खाली घातली. "मानसिंग म्हणला, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिच्या नादी लागू नका. म्या ऐकलं. लई चुकलं गं माझं."

मंगल तिथंच बसून पोटभर रडली.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात गटातल्या बाया जमल्या, तेव्हा मानसिंगच सगळ्यांच्या आधी बोलला. "मंगलला कायतरी सांगायचंय, पन तिला अवघड जातंय."

मंगलनं खपल्या मधोमध ठेवल्या आणि त्यांवर आपला पंजा टेकवला. "हे माझं लिंपण. आमच्या उकिरड्यात पाचोळ्याखाली घावलं."

मानसिंग कसनुसं हसला. "बघा. मागच्या सालचं हाय ते. तिलाच आठवत न्हाई."

क्षणभर मंगललाही ते खरं वाटलं, कारण त्याचा चेहरा खरोखरच काळजीचा दिसत होता.

"मागच्या सालचं अंगणाला गेलं," ती म्हणाली. "मला आठवतंय." मग बायांकडे वळली. "बी माझ्याकडंच राहील, पन ह्यांच्या घरात न्हाई. आक्का, तुमची मागची खोली रिकामी हाय ना?"

"हाय की," ठकुबाई म्हणाल्या. "बी आण. तुझं अंथरूणबी आण."