अनुमोदक

बाबाजीशेठनी पोह्यांची बशी खाली ठेवली, रुमालाने मिशा पुसल्या आणि समोरच्या दोन पोलादी कपाटांकडे बोट केलं.

"वहिनी, या वेळी शब्द देतो. मी अध्यक्ष झालो ना, की ही कपाटं तुमच्या घरातून हलली म्हणून समजा. वाचनालयाला स्वतंत्र खोली. खलास!"

शालिनी हसली नाही. तिने बशी उचलली आणि विचारलं, "चहा कोरा की दुधाचा?"

या कपाटांत आखातातल्या या शहराच्या मराठी मंडळाची पुस्तकं होती. आठ वर्षांपूर्वी, "दोन महिने ठेवा हो," असं म्हणून कुणीतरी ती तिच्या नवऱ्याच्या, आत्मारामच्या, हमदान स्ट्रीटवरच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणून टाकली, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी शालिनी दार उघडून बसायची. येणाऱ्याला पुस्तक द्यायचं, पोरांना गोष्ट वाचून दाखवायची, वर चहा. लेक उर्वी दहावीला होती, आणि रात्री दोन कपाटांच्या मधे गादी टाकून अभ्यास करायची. आणि आता इमारतीच्या मालकाने बजावलं होतं की फ्लॅटमध्ये ही वर्दळ चालायची नाही. महिनाअखेर कपाटं हलली नाहीत, तर पुस्तकं रद्दीत जाणार होती.

आदल्याच दिवशी विलासराव येऊन गेले होते. त्यांनीही पोहेच खाल्ले, त्यांनीही कपाटांकडेच बोट केलं. आठ वर्षं हेच चाललं होतं. एक खेप विलासराव, एक खेप बाबाजीशेठ. एक कॉन्ट्रॅक्टिंगवाला, एक मसाले-लोणचीवाला. निवडून कोणीही येवो, खोलीचे पैसे दिवाळीच्या हॉटेलातल्या पार्टीत जायचे.

बाबाजीशेठची गाडी सुरू झाल्याचा आवाज खालून आला आणि मग आत्माराम सुटला.

"उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणारे! एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. अरे, इतक्या मराठी माणसांत तिसरं माणूस नाही? कुणी उभंच राहत नाही, हेच आपलं दुखणं आहे!"

"मी राहिले तर?" शालिनी म्हणाली.

"कुठे?"

"उभी. उद्या मीटिंगमध्ये विचारतातच ना, आणखी कुणी आहे का म्हणून. अनुमोदक लागतो फक्त. तुम्ही द्याल अनुमोदन?"

आत्मारामला हसू आलं. मग त्याने छातीवर हात मारला. "देईन की! त्यात काय? नवरा आहे तुझा!"

कपाटांच्या मधून उर्वीने मान वर काढली. "आई, यू विल लूज," ती म्हणाली. "बट गो फॉर इट."

रात्री मात्र आत्मारामला झोप येईना. तो विलासरावांच्याच कंपनीत, मुसफ्फाच्या गोदामावर स्टोअरकीपर होता. त्याचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता, आणि कागद विलासरावांच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. मार्चमध्ये उर्वीची बोर्डाची परीक्षा होती. सही झाली नाही, तर ऐन परीक्षेच्या तोंडावर गाशा गुंडाळून मायदेशी जावं लागलं असतं. बायको बोलली ते रागाच्या भरात, सकाळपर्यंत विसरेल, असं म्हणून त्याने कूस बदलली.

शालिनी विसरली नाही. शुक्रवारी दुपारी तिने ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली.

नमाजानंतर रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये सभा भरली. पहिल्या रांगेत विलासराव आणि त्यांच्या पत्नी स्मिता, पलीकडच्या टोकाला बाबाजीशेठ. मधल्या खुर्च्यांवर मंडळी आपापल्या धन्याकडे तोंड करून बसलेली. सभा चालवायला रामचंद्रकाका होते. बँकेतून रिटायर होऊन लेकाकडे राहणारे, दोन्ही गटांना चालणारे गृहस्थ. त्यांनी दोन नावं वाचली, चष्मा काढला आणि केवळ रिवाज म्हणून विचारलं, "आणखी कुणी इच्छुक?"

"मी," शालिनी उभी राहिली.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मागून कुणी तरी "वा, वहिनी!" म्हणालं, ते कौतुक होतं की चेष्टा ते कळलं नाही.

"मला हॉटेलात पार्टी करायची नाही," शालिनी म्हणाली. "मला एक खोली हवी आहे. पुस्तकांना आणि आपल्या पोरांना. बस, एवढंच."

"ठीक आहे. अनुमोदक?" रामचंद्रकाकांनी विचारलं.

शालिनीने वळून पाहिलं नाही. कशाला पाहील? नवरा शेजारीच बसला होता.

विलासरावांनी मात्र मान वळवली. रागाने नाही. ते नुसतं बघत राहिले, स्टोअरमध्ये सिमेंटच्या गोणी मोजून घेताना बघायचे तसे. आत्मारामने पायांत बळ आणलं. गुडघे सरळ व्हायला फार तर एक क्षण लागला असता. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

"अनुमोदक आहे का कुणी?" काकांनी पुन्हा विचारलं.

"मी आहे!" पलीकडून बाबाजीशेठ उठले. चेहरा नुसता खुलला होता. "लोकशाही आहे बाबा! वहिनींना माझं अनुमोदन!"

विलासरावांच्याच माणसाची बायको उभी राहतेय, म्हणजे मतं फुटली तर विलासरावांचीच फुटणार, हे त्या हॉलमध्ये शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हशा पिकला. शालिनी खाली बसली. तिने आत्मारामकडे पाहिलं नाही, पदर तेवढा त्याच्या बाजूचा ओढून घेतला.

मतदान चिठ्ठ्यांवर होतं. प्रत्येकाने नाव लिहायचं, घडी घालायची आणि रिकाम्या मिठाईच्या डब्यात टाकायची. आत्माराम पेन हातात धरून बसून राहिला. त्याचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. मंडळाची आमंत्रणं त्याच्या हातची, विलासरावांची गावाकडची पत्रंसुद्धा त्याच्या हातची. हॉलमधला प्रत्येक माणूस ते अक्षर ओळखत होता, आणि चिठ्ठ्या मोजायला विलासरावांचा भाचा बसला होता. आत्मारामने 'विलासराव' असं लिहिलं. वळणदार, स्वच्छ. कुणालाही ओळखू येईल असं.

मोजणी फार वेळ चालली नाही. विलासराव निवडून आले, चांगल्या फरकाने. काही चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. मधेच भाच्याने एक चिठ्ठी वर धरली.

"शालिनीवहिनी, एक!" तो म्हणाला. "पण हे अक्षर बघा, काका. डाव्या हाताने लिहिलंय की काय कुणी?"

पुन्हा हशा. आत्मारामने आपल्या मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हे त्याला सुचलंच नव्हतं. डावा हात त्यालाही होता की!

पहिल्या रांगेत स्मिता तेवढी हसत नव्हती. ती ग्लासातलं पाणी घोट घोट पीत होती.

जिन्यापाशी विलासराव हार गळ्यात घालूनच भेटले. त्यांनी आत्मारामच्या पाठीवर थाप मारली.

"मघाशी तू उठला नाहीस, तेव्हाच म्हटलं, आपला माणूस शहाणा आहे. व्हिसाच्या कागदांची आठवण कर उद्या. करून टाकू."

"हो साहेब," आत्माराम म्हणाला. शालिनी दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

विलासराव पुढे गेले तशी स्मिता मागे रेंगाळली. ती दर शुक्रवारी ड्रायव्हरला गाडीतच बसवून वर शालिनीकडे यायची, एकाऐवजी दोन पुस्तकं न्यायची आणि कधी बोलायची नाही. तिने शालिनीचा हात हातात घेतला, जरा दाबला.

"पुढच्या वेळी दोन होतील बघ," ती हलकेच म्हणाली आणि पदर सावरत नवऱ्याच्या मागे निघाली.

ते एक मत कुणाचं, हे आत्मारामला तिथेच कळलं. ज्याची सही हवी म्हणून तो नाडी बांधत बसला, त्याच्या बायकोने त्याच्याच मांडीला मांडी लावून, डाव्या हाताने, हे करून दाखवलं होतं.

"बघितलंत?" गाडीत बसताच शालिनी म्हणाली. "जाता जाता टोमणा मारून गेली. म्हणे पुढच्या वेळी दोन! नवरा जिंकला तर माणसाने इतकं चढून जावं?"

आत्माराम गाडी मागे घेत होता. गाडी सलाम स्ट्रीटला लागली.

"मी स्वतःला नाही दिलं," ती अचानक म्हणाली. "स्वतःच्या ताटात स्वतःच कसं वाढून घ्यायचं? लाज वाटली. कोरी चिठ्ठी टाकली."

"असं कसं केलंस?"

"केलं खरं." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "अहो, तुम्ही नाडी बांधायला वाकलात ना, तेव्हा वाटलं, या माणसाचं तोंडसुद्धा बघू नये. आठ वर्षं घरात बसून गप्पा ठोकायच्या, आणि वेळ आली की... जाऊ दे. म्हटलं, बाबाजीशेठसारख्या माणसाने उठावं आणि माझ्या माणसाने बसून राहावं! फार लागलं मला."

"शालू, अगं..."

"थांबा, बोलू दे. पण मग ती चिठ्ठी निघाली." तिचा आवाज मऊ झाला. "तुमचं अक्षर सगळे ओळखतात. तिथे उजव्या हाताने लिहिणं म्हणजे व्हिसावर पाणी सोडणं. मला काय कळत नाही? उर्वीची परीक्षा मलाही दिसते."

घराखाली आल्यावर त्याने गाडी लावली. इंजिन बंद केलं तरी कुणीच उतरलं नाही. वर, तिसऱ्या मजल्यावर, दिवा दिसत होता. उर्वी कपाटांच्या मधे वाचत बसली असणार. महिनाअखेरीला ती कपाटं कुठे जाणार होती, हे आता कुणालाच विचारण्यात अर्थ नव्हता.

"शालू, ऐक," आत्माराम म्हणाला. "ते मत..."

"काही बोलू नका. कळलं मला." शालिनीने त्याचा स्टिअरिंगवरचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "किती वेडंवाकडं लिहिलंत हो माझं नाव! पहिलीतल्या पोरासारखं."

आत्मारामने हात काढून घेतला नाही.